काठीचे मुनसफ

मासे धरणाऱ्यांचे प्रकार जगात असंख्य असले, तरी मासे धरण्याची काठी निवडणाऱ्याचा प्रकार सर्वत्र एकच आढळतो. आणि त्याचे निर्भेळ दर्शन ज्याला घ्यावयाचे असेल त्याने वेल्समधील टाउई नदीच्या खोऱ्यात एखादा उन्हाळा काढावा. कॅम्ब्रियन डोंगरांत उगम पावून, लॅन्डव्हरी, लॅन्डायलो, कार्मार्दन या गावांवरून सुमारे 120 किलोमीटर वाहत समुद्रास मिळणारी ही नदी सी ट्राउटसाठी, तिकडच्या बोलीत स्यूइनसाठी, विख्यात आहे. हा मासा जातीने ओढ्यातला सामान्य तपकिरी ट्राउटच. परंतु तारुण्यात समुद्रावर जाऊन, अंगावर रुपेरी झळाळी आणि स्वभावात कमालीचा संशय घेऊन तो जन्मस्थानी परततो, परतल्यावर अन्नाला जवळजवळ शिवत नाही, आणि उन्हाळ्यातील नितळ पाण्यात दिवसभर डोहाच्या तळाशी दडी मारून केवळ अंधार पडल्यावर हालचाल करतो. सबब त्याला कृत्रिम माशीवर घेऊ इच्छिणाऱ्याने, सारा गाव निजल्यावर, कमरेइतक्या थंड पाण्यात उभे राहून, न दिसणाऱ्या जागी न दिसणारी दोरी फेकीत रात्र काढावी, असा शिरस्ता आहे.

अशा समयी हातात कोणती काठी असावी, हा प्रश्न सामान्य माणूस दुकानात जाऊन अर्ध्या तासात निकाली काढतो. आमच्या चरित्रनायकाच्या दफ्तरी मात्र तो दिवाणी दाव्यासारखा वर्षानुवर्षे चालू असून, साक्षीपुरावे नोंदले गेले, उभय पक्षांच्या कैफियती ऐकून झाल्या, तरी निकाल तहकूब तो तहकूबच आहे. म्हणून आपण त्यांना मुनसफ म्हणू. वय साठीपलीकडचे, अंगात मेणकापडाचा जुना कोट, खिशात मोजपट्टी, आणि मुद्रेवर, आपल्या एका चुकीच्या निर्णयाने टाउईचा प्रवाह उलटा फिरेल की काय, अशी गंभीर चिंता.

दाव्यातील मुद्दे तीन: लांबी, नंबर आणि लवचीकपणा. लांबीविषयी मुनसफांचे म्हणणे असे की, नऊ फुटांची काठी मनगटाला सुखाची, परंतु पाठीमागच्या झाडीवरून दोरी उचलण्यास अपुरी. दहा फुटांची काठी दोरीला झाडीवरून तारते आणि प्रवाहातही ती हवी तशी वळवू देते, परंतु पहाटेच्या सुमारास तिचे ओझे खांद्याला कळू लागते. आणि अकरा फुटांची घ्यावी तर एका हाताची काठी एका हाताची राहत नाही. नंबराची भानगड याहून सूक्ष्म. माशीला स्वतःचे वजन नसल्यासारखेच असते. फेकली जाते ती दोरी, आणि माशी तिच्यामागून आश्रितासारखी जाते. म्हणून दोरीच्या पहिल्या तीस फुटांचे वजन प्रमाण मानून नंबर ठरवलेले आहेत: सहाला 160 ग्रेन, साताला 185, आठाला 210. आपला जुना तोळा 180 ग्रेनांचा, तेव्हा सात नंबर म्हणजे तोळ्यावर दोनतीन गुंजा. सहा आणि सात यांमधील अंतर सोनाराच्या तराजूत सुमारे पावणेदोन मासे भरते. मुनसफसाहेबांच्या पदरात आजवर पडलेले मासे एवढेच.

तिसरा मुद्दा लवचीकपणाचा. स्यूइनचे तोंड कोवळे; काठी ताठ असली तर गरी तोंड फाडून निसटते, आणि फार मऊ असली तर वाऱ्यात दोरी धड जात नाही. शिवाय काळोखात डोळ्यांची मदत नसल्यामुळे, मागे गेलेली दोरी पुरती उलगडली की नाही हे काठीनेच हाताला कळवावयाचे असते, आणि अतिताठ काठी याबाबत एखाद्या मग्रूर कारकुनाप्रमाणे काही कळवीतच नाही. हे सारे विवेचन शब्दशः खरे आहे, आणि मुनसफांच्या शोकांतिकेचे मूळही येथेच आहे. अज्ञानी माणूस भराभर निवड करतो; प्रत्येक काठीचा गुण आणि प्रत्येक गुणाचा अपवाद ज्याला ठाऊक, त्याने हात पुढे करावा तरी कोणत्या काठीकडे?

दुकानातील त्यांचे परीक्षण हा प्रेक्षणीय विधी असतो. दुकानदाराने कापडी पिशवीतून चार तुकड्यांची काठी काढून दिली की मुनसफ ती जोडतात, बुचाची मूठ चाचपतात, शेंडा छताकडे रोखून थरथरवतात आणि तो कंप किती वेळाने शमतो ते डोळे मिटून अनुभवतात. मग दुकानामागच्या हिरवळीवर, माशीऐवजी लोकरीचा लाल पुंजका बांधून, गवतावर तासभर दोरी फेकतात. एकदा तर, हा मासा ज्याअर्थी रात्री धरतात त्याअर्थी काठीही अंधारातच पारखली पाहिजे, असा तोंडी अर्ज त्यांनी दाखल केला, आणि गिऱ्हाईक नव्हते म्हणून दुकानदाराने तो मंजूर करून पडदे ओढले व दिवे मालवले. जोडणीच्या खुणेचे पांढरे ठिपके दिसेनासे झाल्यावर मुनसफ कड्यांवरून बोट फिरवीत तुकडे एका रेषेत आणीत असता, टपालवाला दार ढकलून आत आला, आणि काळोखात हिंडणाऱ्या शेंड्याने त्याच्या मस्तकावरची टोपी अलगद उचलून घेतली. टपालवाला ओरडला, दुकानदाराने दिवा लावला. मुनसफांनी मात्र, "शेंडा फार ताठ आहे, टोपी हाताला कळलीच नाही," एवढाच शेरा मारून काठी नामंजूर केली.

मी हिंदुस्थानातला, हे समजताच त्यांनी माझ्याकडे साक्षीदार म्हणून पाहण्यास आरंभ केला. एकोणिसाव्या शतकात चिरलेल्या बांबूच्या काठ्या करणारे कारागीर प्रथम बंगालकडून येणारा बांबू वापरीत, व्यापारात तो कलकत्ता या नावानेच चाले, आणि पुढे दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने त्याला हुसकावून लावले. ही पदच्युती न्याय्य होती काय, याचा खुलासा त्यांना माझ्याकडून हवा होता. कोकणात बालपणी गरवण्यापलीकडे माझा या विषयाशी संबंध आलेला नाही, हे उत्तर त्यांनी टिपून घेतले. त्यानंतर ग्रीनहार्टच्या जड लाकडापासून, सहा त्रिकोणी चिपा चिकटवून केलेल्या षट्‌कोनी बांबूवरून, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काचतंतूवरून, फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात 1960 च्या दशकात विकसित झालेल्या आणि पुढच्या दशकारंभी काठ्यांत शिरलेल्या कार्बनतंतूपर्यंतची वंशावळ त्यांनी मला ऐकवली. ह्यू फॉल्कस यांचा 1962 सालचा सी ट्राउटवरील ग्रंथ तर ते स्मृतिग्रंथासारखा मानतात. खरा अंधार पडण्यापूर्वी डोहाला हात लावू नये, ही त्यातील आज्ञा त्यांनी इतकी काटेकोरपणे पाळली आहे की, अंधार पडल्यानंतरही त्यांनी हात लावलेला नाही.

एवढ्यावरून कोणी त्यांना निरुपयोगी समजेल तर तो घोर अन्याय होईल. दुसऱ्याचा खटला समोर आला की याच गृहस्थाची न्यायबुद्धी विजेसारखी चालते. शाळामास्तरांना त्यांनी दोन वाक्यांत दहा फुटी सात नंबर ठरवून दिला. उंचीने बेताच्या पाववाल्या बाईंना साडेनऊ फुटी. आणि डेन्मार्कला, फ्यून बेटाच्या किनाऱ्यावर, प्रत्यक्ष समुद्रात उभे राहून हाच मासा धरावयास निघालेल्या एका तरुणाला, तिकडे झाडी नाही पण दिवसभर फेकावे लागते म्हणून, नऊ फुटी सहा नंबर. तिघांनीही त्या काठ्या आणल्या, तिघेही संतुष्ट आहेत, आणि गावातील दुकानदार मुनसफांना चहा पाजतो त्याचे कारण हेच आहे. परंतु स्वतःच्या दाव्यात स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व त्यांच्या हाडीमासी इतके खिळलेले आहे की त्यांना अद्याप काठी नाही.

आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने त्यांच्याइतका निर्मळ मच्छीमार टाउईवर दुसरा नसेल. वेल्समध्ये मासे धरण्याचा परवाना काठीच्या नावाने निघतो, आणि साध्या ट्राउटच्या परवान्यापेक्षा सॅमन व सी ट्राउटचा परवाना महाग असतो. तो महागडा परवाना ते दरवर्षी न चुकता घेतात आणि नसलेल्या काठीचा कर सरकारात रुजू करतात. वेल्सच्या नद्यांतून सॅमन आणि सी ट्राउट दोन्ही घटत चालले आहेत, 2020 पासून तर धरलेला प्रत्येक सॅमन पाण्यात परत सोडण्याची सक्ती आहे. ही वार्ता ऐकून इतर मंडळी कुरकुरली. मुनसफांनी मात्र, आपल्या हातून या नदीच्या एकाही जिवाला आजतागायत उपसर्ग पोहोचलेला नाही, असे निवेदन शांतपणे केले, आणि त्यास हरकत घेण्यास कोणालाही जागा सापडली नाही.

तेव्हा वाचकांपैकी कोणाला या नदीवर रात्र जागवण्याची बुद्धी झालीच, तर त्याने मध्यावर वाकणारी, दहा फुटी, सात नंबरची काठी घ्यावी. ती बहुतेक प्रसंगी पुरी पडते. अधिक खातरजमा हवी असल्यास मुनसफसाहेबांस अवश्य भेटावे, त्यांचा निवाडा शिरसावंद्य मानावा, आणि आभार मानून तत्काळ उठावे. त्यांची स्वतःची पसंती कोणती, हे मात्र विचारू नये. निदान ऑक्टोबरात मोसम संपेपर्यंत तरी नाही.