न पाहिलेली पहिली

१५ जून २०२२ ला शाळा भरली आणि आमचा नातू तिसरीत जाऊन बसला. गुरुजींनी पहिल्याच दिवशी रिवाजाप्रमाणे ‘मी सुट्टीत काय केले’ यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या. पोरगं वहीवर पेन्सिल टेकवून नुसतंच बसलं. गुरुजींनी विचारलं तर म्हणालं, ‘‘गुरुजी, कंची सुट्टी?’’

गुरुजींनाही पटकन उत्तर सुचलं नाही म्हणतात.

पोराचं नाव पहिलीत घातलं जून २०२० मध्ये. शाळा त्याआधीच, मार्चातच, कोरोनामुळे बंद झालेली. तेव्हा सरकारने ‘शाळा बंद, शिक्षण सुरू’ अशी घोषणा केली. निम्मा भाग पहिल्या दिवसापासून तंतोतंत खरा ठरलेली सरकारी घोषणा मला तरी ही एकच आठवते. उरलेलं निम्मं आमच्या थोरल्याच्या फोनमध्ये होतं. घरात फोन एक. थोरला पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन नारायणगावच्या बाजाराला निघाला की शाळाही त्याच्या शर्टाच्या खिशात बसून बाजाराला जायची. अकराच्या सुमाराला गुरुजी ग्रुपवर ‘अ अननसाचा’ पाठवायचे, तेव्हा थोरला लिलावात उभा असायचा. एकदा व्यापाऱ्याला भाव पाठवायचा तो त्याने वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली तीन पालकांनी अंगठे दाखवले आणि एकाने ‘पाठ झाले सर’ असं लिहिलं.

बरं, टोमॅटोलाही त्याच वर्षी मे महिन्यात विषाणूने गाठलं होतं. टीव्हीवाल्यांनी त्याची अशी काही दहशत घातली, की झाडालाच मास्क लावायचा बाकी राहिला. भाव गडगडला. हे गुरुजींच्या अभ्यासक्रमात नव्हतं. पण पहिलीतल्या पोराला ‘मंदी’ हा शब्द ‘मगर’च्या आधी आला.

संचारबंदीचं मात्र आमच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत फारसं कौतुक नव्हतं. दिवस मावळल्यावर घराबाहेर पडायचं नाही हा नियम आमच्याकडे उसातल्या बिबट्याने केव्हाच लावलाय, आणि त्याला ई-पास दाखवूनही भागत नाही.

आता शाळा बंद होती असं मी म्हणतोय खरा, पण तेही पुरतं खरं नाही. मे २०२० मध्ये आमच्या गावची शाळा गच्च भरली होती. पण पोरांनी नव्हे, मुंबईकरांनी. आमचा धाकटा वाशीच्या बाजारात माथाडी. बाजार बंद पडला तेव्हा भाजीच्या रिकाम्या टेम्पोत ताडपत्रीखाली बसून माळशेज घाट चढून आला. एरवी जत्रेला मुंबईकर आला की वेशीपासून वाजतगाजत आणतो आपण. देणगीच्या पाटीवर त्याचं नाव पहिलं. या वेळी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या आणि पलीकडे हातात काठ्या घेऊन त्याचेच चुलतभाऊ उभे. तिथून त्याची रवानगी थेट तिसरीच्या वर्गात. चौदा दिवस!

हिने डबा द्यायचा तो कुंपणावरून, लांब बांबूला अडकवून. पंचेचाळीस वर्षांचा गडी, सातवीत शाळा सोडलेला, बोलक्या भिंतींच्या मधोमध सतरंजी टाकून पडला होता. भिंतीवर पाढे, बाराखडी, शरीराचे अवयव आणि ‘हात स्वच्छ धुवा’. दुसरं करायला काही नाही, म्हणून त्याने एकोणतीसचा पाढा पाठ केला. रोज सकाळी खिडकीच्या बाजूला खिळ्याने एक रेघ ओढायचा. पोरगं कुंपणाबाहेरून ओरडायचं, ‘‘काका, माझ्या शाळेत तू का बसला?’’ आजतागायत त्याला याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

धाकटा सुटला आणि लगेच ३ जूनला निसर्ग वादळ आलं. शाळेचे दोन पत्रे उडून खालच्या आळीच्या उकिरड्यावर पडले. डोंगरात लोकांचा हिरडा झडला, घरं उघडी पडली; शाळेच्या पत्र्यांची चौकशी कोण करणार? आत बसायला कुणी नव्हतंच.

एप्रिल २०२१ मध्ये पोरगं परीक्षेविना पहिली पास झालं. पाठोपाठ १ मेपासून ऑनलाइन शाळेला उन्हाळी सुट्टी लागली! म्हणजे काय झालं, तर ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ असं झालं. पोरगं ओट्यावर बसलेलं होतं, ते सुट्टी लागल्यावर त्याच ओट्यावर बसून राहिलं. मामाचं गाव डोंगराच्या पलीकडे, अकोले तालुक्यात. पण जिल्हा पडला तेव्हाचा नगर. जिल्हा ओलांडायला अत्यावश्यक कारण लागायचं, आणि त्या यादीत मामा नव्हता.

त्या सुट्टीतल्या पोषण आहाराचे पैसे खात्यावर देण्याचं सरकारने ठरवलं. पहिली ते पाचवीला पस्तीस दिवसांचे १५६ रुपये. दिवसाला साडेचार रुपयेही पुरते नाहीत. खातं पोराच्या नावाचं हवं. बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, हजार रुपये भरा. हजार भरून १५६ घ्यायचे, यातला नफा-तोटा काढणारं गणित पाचवीच्या पुढचं असणार. मी उठून आलो.

आमच्याकडे सुट्टीवर फक्त पोरंच नव्हती. बैलही होते, आणि त्यांची सुट्टी जुनी. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हापासून शर्यतींचे घाट ओस. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि दोन्ही तालुक्यांत भंडारा उधळला. पोरांना शाळेत जायची तारीख मिळाली होती १ डिसेंबरची. एकाच महिन्यात बैल आणि पोरं जुंपायला निघाली. जानेवारीत ओमायक्रॉन आला नि दोघंही परत गोठ्यात.

खरी गंमत २०२२ मध्ये झाली. गुढीपाडव्याला, २ एप्रिलला, निर्बंध उठले. दोन वर्षं पाच माणसांत उरकलेल्या जत्रा पुन्हा भरल्या. पाळणे आले, रेवड्या आल्या, नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागल्या, रोज कुठल्या ना कुठल्या घाटात बैलगाड्यांची बारी. आणि नेमक्या त्याच एप्रिलासाठी फर्मान निघालं, की शाळा पूर्णवेळ, उपस्थिती शंभर टक्के, बुडालेला अभ्यास भरून काढायचाय! जत्रा नव्हती तेव्हा शाळा नव्हती. जत्रा आली तर बोट धरून शाळा घेऊन आली.

उपस्थिती शंभर टक्के भरली. घाटात. आमचं पोरगं माझ्या खांद्यावर. घोडी पुढे, बैल मागे, धुरळा उठला, निशाण पडलं, आणि भोंग्यावर पुकारायच्या आत हे माझ्या कानात ओरडलं, ‘‘अकरा सेकंद बावीस मिली!’’ मग आदल्या बारीपेक्षा ही किती मिलीने मागे पडली तेही सांगितलं. दशांश चिन्ह त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. हातच्याची वजाबाकी वहीत अजून येत नव्हती.

तर १५ जूनला त्या पाच ओळी काही लिहून झाल्या नाहीत. गुरुजी बाकांमधून फिरत खिडकीपाशी आले आणि त्यांचं लक्ष नव्या रंगातूनही दिसणाऱ्या रेघांकडे गेलं.

‘‘भिंत कोणी खराब केली रे?’’

पोरगं उभं राहिलं. ‘‘गुरुजी, ती आमच्या काकाची हजेरी आहे. चौदा दिवस. एक बी खाडा नाही.’’