माळ्यावरचा सर्व्हर

मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं आणि कित्येकांच्या वेबसाइटी गेल्या. ही बातमी मी निपाणीतल्या आमच्या गणेश मंडळाला इतक्यांदा ऐकवली, की शेवटी खजिनदारकाकांनी कंटाळून वर्गणीचा हिशेब माझ्या हवाली केला. आपली माहिती आपल्या घरात! बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप माळ्यावर चढवला आणि त्याला सर्व्हर म्हणायला लागलो.

पहिली अडचण पत्त्याची. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी. ते कधीच वाटून संपलेत. म्हणून इंटरनेटवाला बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देतो. आपण बाहेर जातो, पण बाहेरच्याला आपलं घर सापडत नाही. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "पत्ता न्हाई म्हंजे? मग आधार कार्डावर काय घातलास?" १९५६ पासून आपलं राज्य कुठलं यावर भांडणाऱ्या गावाला हे दुःख तसं नवं नाही. जादा पैसे भरून स्वतंत्र पत्ता घेतला.

चांगल्या सर्व्हरनं म्हणे ९९.९ टक्के वेळ चालू राहावं. म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. माझी मुभा वळवाच्या पहिल्या पावसांतच संपली. घरी इन्व्हर्टर आहे, पण त्याच्यावर पहिला हक्क आईच्या मालिकेचा. त्यात आजोबांच्या काळी माळ्यावर तंबाखूची पोती असायची. पोती गेली, धुरळा राहिला. पंखा तो ओढायचा, लॅपटॉप तापायचा आणि मान टाकायचा. तपकीर ओढणारा सर्व्हर मी तरी दुसरा पाहिलेला नाही. बॅकअप मात्र नेमानं घ्यायचो. त्याच लॅपटॉपच्या दुसऱ्या फोल्डरात.

चतुर्थीच्या आदल्या रात्री मंडळानं रोषणाईची वायर, जवळ पडतं म्हणून, आमच्याच मीटरवरून ओढली. बटण दाबलं आणि गणपतीसकट आमचं घर अंधारात गेलं. पोरांनी कुठून तरी जनरेटर आणला, मांडव झगमगला. माळ्यावर मात्र हिशेब लिहिता लिहिताच वीज गेलेली. सकाळी लॅपटॉप काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी पुटपुटत बसला होता.

मीटिंगला मी मागं, खांबाआड बसलो. काकांनी सदऱ्यातून वही काढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं आणि सगळी वर्गणी नावानिशी वाचून दाखवली.

"तुज्याकडं दिल्यालं हाय म्हणून लिवून बी ठेवल्यालं."

पुढच्या वर्षी माझ्याकडं जनरेटरच्या डिझेलचं खातं द्यावं, असा ठराव एकमतानं मंजूर झाला.