एका देवमाशाचे किती चंडोल?

नातवाच्या वर्गात प्रकल्पासाठी चिठ्ठ्या टाकल्या. एका डब्यात मोठे प्राणी, दुसऱ्यात छोटे. त्याच्या वाट्याला आले निळा देवमासा आणि डोंबारी चंडोल. खाली हुकूम : तुलना करा. शाळेने नातवाला दिलेला प्रकल्प आबांनी करायचा, हे पिंप्राळ्यात घरोघरी ठरलेलं आहे.

चंडोलाची अडचण नव्हती. आमच्या मागच्या एनए प्लॉटवर त्याचा संसार आहे, सातबारा नसताना. गुराच्या खुराचा खळगासुद्धा घरट्याला पुरतो. नर वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो. आता आपटला म्हणेपर्यंत शीळ घालत पुन्हा वर! डोंबारी नाव उगाच नाही. वजन साधारण 15 ग्रॅम. आमची ही दाण्याच्या कुटाआधी तेवढे शेंगदाणे तोंडात टाकते आणि त्याला 'खवट आहेत का बघणं' म्हणते.

देवमासा कुठून आणायचा? जून 2015मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला 42 फुटी निळा देवमासा लागला होता. बिचारा वाचला नाही. आणि 42 फूट म्हणजे तसं पोरच. मोठा शंभर फुटांच्या आसपास जातो. रेल्वे फाटकावर डबे मोजण्यात माझं निम्मं तारुण्य गेलंय, म्हणून ठामपणे सांगितलं, "गाडीच्या एका डब्याहून लांब."

"आणि वजन?"

"150 टनांपर्यंत."

"म्हणजे किती केळी, आबा?"

जळगावचं पोर. दुसरं माप कशाला विचारेल?

"दहा ट्रक."

मग कालनिर्णयच्या मागे भागाकार मांडला. एका देवमाशात चंडोल बसले बरोबर 1 कोटी! एवढा निःशेष भाग माझा शाळेतसुद्धा गेला नव्हता.

आवाजाचीही तुलना लिहिली. देवमाशाची हाक पाण्यातून शेकडो किलोमीटर जाते, पण इतक्या खर्जात की माणसाला ती जवळजवळ ऐकूच येत नाही.

"तुमचं घोरणं तसं असतं तर," स्वयंपाकघरातून आवाज आला.

काल वही परत आली. 1 कोटीखाली लाल शाईत शेरा : 'ताळा करून दाखवा.' सकाळपासून किराण्याचा तराजू घेऊन प्लॉटवर बसलोय. डोंबारी दोनदा डोक्यावरून सूर मारून गेला. देवमाशाचं नंतर बघू.