एका टक्क्याचा गुन्हेगार

गाडीला काळी काच लावणाऱ्याचं मन मला चांगलं ठाऊक आहे, कारण ते माझंच आहे. आपण कुणाला दिसू नये, पण आत कोण बसलंय हा प्रश्न मात्र येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला पडावा, एवढीच माफक अपेक्षा असते. मुंबईत ती पुरी होत असेल. आमच्या मोहन्यात गाडी वळणावर दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून लोक सांगतात, "आले बघा, फॅनबेल्ट अजून बदलला नाही यांनी." काच काळी करा नाहीतर गाडीवर गोधडी टाका, आत मीच आहे हे आंबिवली स्टेशनच्या रिक्षा स्टँडपर्यंत जाहीर असतं. बरं, गाडी जाते तरी कुठे? आठवडाभर मी लोकलला लटकलेला. रविवारी कल्याणला वाणसामान आणि चतुर्थीला टिटवाळा. एवढ्याशा प्रवासाला अज्ञातवास कशाला, असं हिचं म्हणणं. अज्ञातवासात पांडवसुद्धा वेश बदलूनच हिंडले होते, असं मी म्हणालो. "ते विराटाच्या घरी कामं करत होते," ही म्हणाली.

काचेच्या आधी पत्रा. डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पॅनेलमागे जो आकडा सांगितला, तो ऐकून माझा स्वाभिमान जागा झाला. माझा स्वाभिमान साधारण चार आकडी रकमेला जागा होतो, त्याखाली तो घोरत असतो. दार, मडगार्ड, बंपर आणि छप्पर यांची बेरीज घरी करून पाहिली. तेवढ्यात जुनी गाडी आली असती, आणि माझी गाडी जुनीच आहे. म्हणून कॉम्प्रेसर आणि गन भाड्याने आणली, थिनरचा डबा आणला आणि चाळीसमोर आंब्याखाली ताडपत्री बांधून कारखाना उघडला.

रंगकामातलं रंग मारणं हा किरकोळ भाग. आधी पत्रा घासायचा, मग लांबी भरायची, मग ती लांबी घासायची, मग प्रायमर, मग प्रायमर घासायचा. वॉटर पेपर एकशेवीस नंबरपासून सुरू होतो आणि दोन हजारपर्यंत जातो. नंबर वाढेल तसा कागद मऊ होत जातो आणि माणूस खरबरीत. घासताना माझ्या भोवती एवढी माणसं जमायची की मी चहाची टपरी टाकली असती तर पॅनेलचे पैसे सहज सुटले असते. "मधे दाबताय, कडा सोडताय," असं सांगणाऱ्या गृहस्थांनी आयुष्यात स्वतःच्या सायकलवरची धूळ पुसलेली नाही. "रंग सिल्व्हर आहे ना, मग मॅच होणार नाही," हे मात्र दहा जणांनी सांगितलं, आणि ते खरं आहे. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. गन जवळून मारली की एक छटा, लांबून मारली की दुसरी, दुपारी तिसरी. एकाच डब्यातल्या रंगाने रंगवलेली माझी डावी दोन दारं आज सख्खी वाटत नाहीत. कंपनीने या रंगाचं नाव 'सिल्की सिल्व्हर' ठेवलंय. सिल्की! ज्या घरात तीन दशकं कृत्रिम रेशमावर चूल पेटली, त्या घराच्या दारात.

आता थोडं भरकटतो. थर वाळेपर्यंत तसंही दुसरं काही करता येत नाही.

जुने पेंटर अजून "डुको मारायचा का?" असं विचारतात. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांना बग्गीसारखेच हाताने रंगाचे आणि व्हार्निशचे थर द्यावे लागत. थर वाळता वाळता आठवडे जात. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगातच निघायची. पुढे १९२०च्या दशकात ड्यू पाँ या अमेरिकन कंपनीने 'ड्यूको' आणला आणि जनरल मोटर्सच्या ऑकलंड गाड्या त्याने रंगल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं. ही ड्यू पाँ मूळची बंदुकीची दारू करणारी. सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाचा प्रयोग केला की स्फोटकही होतं आणि लॅकरही होतं. त्याच नायट्रेट केलेल्या सेल्युलोजचं फ्रान्सच्या काउंट शार्दोनेने रेशीम केलं आणि १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात मांडलं. ते झटकन पेट घ्यायचं. मग इंग्रजांनी दुसरी वाट शोधली. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये घोळवून घट्ट, नारिंगीसर व्हिस्कोज करायचं आणि बारीक भोकांतून आम्लात सोडायचं. निघाला धागा, म्हणजे आमचं रेयॉन. तेच व्हिस्कोज भोकांऐवजी फटीतून सोडलं की होतो सेलोफेन. त्याचा जनक ब्रांडेनबर्गर हा स्विस माणूस. हॉटेलातल्या टेबलक्लॉथवर वाइन सांडलेली पाहून त्याने डाग न पडणारं कापड करायचं ठरवलं. कापडावर व्हिस्कोजचा थर दिला तर कापड ताठ झालं आणि थर सोलून निघाला. थर कापडावरून निघतो यावर तो माणूस नाव कमावून गेला. माझ्या गाडीची फिल्म काचेवरून निघाली (ते पुढे येईलच), तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तर रंग, रेशीम आणि पारदर्शक कागद ही एकाच लगद्याची तीन पोरं. मोहन्यातल्या माणसाला हे सांगावं लागू नये. नॅशनल रेयॉन कंपनीच्या भोंग्यावर इथली घड्याळं लागायची. आमचे आप्पा तिथल्या स्पिनिंग खात्यात होते. धाग्यांच्या रांगेतून चालता चालता कुठला धागा कच्चा आहे ते त्यांना बोटाला कळायचं. २००९ साली कंपनी बंद पडली, त्याच्या आधीच ते निवृत्त झाले होते. तरी सकाळी सहाला उठून खुर्ची गेटकडे तोंड करून टाकणं काही सुटलं नाही.

मी प्रायमर घासून झाल्यावर मागे सरून पाहत होतो. मनातल्या मनात मी तेव्हा शोरूममध्ये होतो. आप्पा काठी टेकत आले, डोळे मिटले आणि तळहात दारावरून फिरवत नेला. हँडलच्या खाली थांबले. "इथे आहे," म्हणाले. मला काही दिसेना. उन्हात पाहिलं, मोबाइलचा उजेड तिरपा धरला, तेव्हा केसाएवढी लाट दिसली. त्यांनी माझ्या हातातला चारशेचा तुकडा घेतला, पाण्यात बुडवला आणि गोल गोल न फिरवता एका रेषेत घासायला लागले. ऐंशीच्या घरातला माणूस, पण खांदा हलला नाही, फक्त मनगट. ती बोटं गेली एवढी वर्षं पेपर चाळण्यापलीकडे कुणाच्याही उपयोगी आली नाहीत. आमच्या गल्लीत अशी बोटं घरटी एक तरी होती. त्यांना काय येतं हे कंपनी बंद झाल्यावर कुणी विचारलं नाही, आणि मीही रंग काढेपर्यंत विचारलं नव्हतं. हा विचार आला तसा मी गन उचलली, कारण आप्पांना डोळे पुसणारा माणूस आवडत नाही.

अंतिम थर मारला. ओघळ आला एक, तोही बंपरच्या खाली, म्हणजे फक्त कुत्र्यांना दिसेल असा. ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखी खरखर, थोडी आली, ती मी मुद्दाम ठेवली आहे असं सांगतो. संध्याकाळी क्लिअर कोटमध्ये उल्हास नदीकाठचा एक डास उतरला आणि कायमचा राहिला. पण खरी कलाकृती मागच्या दारावर झाली. मास्किंगसाठी वर्तमानपत्र चिकटवलं होतं, त्यावर थिनर उडालं आणि शाई पत्र्यावर उतरली. डाव्या दारावर उलट्या अक्षरांत आज वाचता येतं, 'वधू पाहिजे, उंची ५ फूट ३ इंच, निर्व्यसनी'. आरशात पाहिलं तर सरळ दिसतं. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यांनी हॉर्न का वाजवला हे मला आता समजतं.

राहता राहिली काच. कायदा असा की पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या एप्रिलमध्ये वरून फिल्म चिकटवणंच बंद केलं. सवलत ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षेवाल्यांपुरती. मोहन्यात ती फक्त डासांना आहे. नंतर नियम बदलले आणि २०२४मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की टक्के पाळून फिल्म चालेल. दुकानदाराने तेवढंच ऐकलं होतं. "७० ची घ्या साहेब, बिनधास्त." घरी साबणाचं पाणी मारून, रबरी पट्टीने फुगे ढकलून, हिच्या हेअर ड्रायरने कडा बसवून मी ती बाजूच्या काचांना लावली. रात्री गणित केलं. काच ७०, वर फिल्म ७०, गुणाकार ४९. म्हणजे एका टक्क्याने मी गुन्हेगार.

पुढच्याच रविवारी नाक्यावर हवालदाराने थांबवलं. काचेला नाक लावून आत पाहिलं, मला ओळखलं, तरीही फिल्म काढायला लावली, आणि तेही तिथेच, लोकांदेखत, नखांनी. मी सोलत असताना बाजूने एक भलीमोठी गाडी गेली. चारही बाजूंनी काजळ, बोनेटवर झेंडा. हवालदाराला त्या क्षणी आभाळात काहीतरी महत्त्वाचं दिसलं. त्या माणसाला दोष द्यावा असं वाटत नाही, त्यालाही घर आहे. पण एक टक्का मोजणारी नजर शंभर टक्के काळोखासमोर आंधळी होते, हे पाहून हात थरथरला आणि फिल्मचा अर्धा तुकडा काचेवरच राहिला. तो अजून आहे.

आणि हो, मागच्या आठवड्यात टिटवाळ्याचा मेव्हणा आला होता. डाव्या दाराजवळ बराच वेळ उभा राहिला, हसू दाबत. मग म्हणाला, "भावोजी, माझा बंपर पण करून द्या ना." मी गंभीरपणे चष्मा काढून पुसला आणि त्याला पॅनेलमागचा आकडा सांगितला.