सगळ्या टेंभुर्णीचे दाजी

बायकोच्या गावात राहायला आलेल्या माणसाचं नाव फार दिवस टिकत नाही. दाजी मूळचे करमाळ्याकडचे. सासऱ्यांच्या जागेत त्यांनी मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं आणि ते टेंभुर्णीचे झाले, म्हणजे सगळ्या टेंभुर्णीचे दाजी झाले. सत्तरीचा म्हातारा त्यांना दाजी म्हणतो, म्हाताऱ्याचा नातूही दाजीच म्हणतो, आणि शेजारचा चहावाला उधारीच्या वहीत तेवढंच लिहितो. आडनाव फक्त वीजबिलावर उरलंय.

दुकान बरं चालतं, आणि त्याचं श्रेय उजनीला. उन्हाळ्यात आमच्याकडं दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो, "मायनसमध्ये गेली का?" असा असतो. धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या आसपास, मृतसाठ्याचं. पातळी त्याच्या खाली उतरली की उजनी मायनस. मग बॅकवॉटरचे शेतकरी हटणाऱ्या पाण्यामागं मोटारी ओढत नेतात, केबल लांबत जाते, व्होल्टेज पडतं आणि मोटार जळते. जळालेली मोटार दाजींकडं येते. दाजी काळी पडलेली जुनी तार उपसून काढतात, टर्न मोजून चोपडीत लिहितात, खाचांमधून कागद सारतात, नव्या तांब्याच्या कॉइली भरतात, दोऱ्यानं आवळतात आणि वरून वार्निश पाजतात. वार्निश वाळायला वेळ लागतो. दाजींची बायको म्हणजे आक्का; त्यांच्या मते संसारातला सगळा घोळ या वाळण्याच्या वेळात झाला.

कारण त्या वेळात दाजी अंतराळात असतात.

दुकानामागच्या खोलीत, जळक्या वार्निशच्या वासात, त्यांचा संगणक आहे. त्याचं ग्राफिक्स कार्ड पुण्याच्या तपकीर गल्लीतलं. ते घेताना दाजींनी दुकानदाराशी इतकी घासाघीस केली की शेवटी त्यानं चहा मागवला आणि चहा पाजून भाव पाडला. या संगणकावर त्यांना एकाच जातीचे खेळ चालतात. एक जहाज, थोडी पुंजी, पुढं अफाट आकाश, आणि काय करायचं ते कुणी सांगणार नाही. माल वाहा, खाणी काढा, चाचेगिरी करा, नाहीतर नुसते हिंडा.

"मग जिंकलं कोण ते कळतं कसं?" आक्कांनी एकदा विचारलं.

"जिंकायचं नसतं. शेवटच नसतो त्याला."

"मग येवढ्या रात्री जागता कशाला?"

"वार्निश वाळतंय."

खरं सांगायचं तर दाजी खेळतात थोडं आणि ताडून बघतात फार. ती मोटारींची चोपडी उलटी धरली की मागच्या बाजूनं खेळांचा तक्ता सुरू होतो. रकाने ठरलेले: ग्रहावर उतरता येतं का, माल वाहता येतो का, बाजारभाव आपल्या विकण्यानं हलतो का, आणि बनवणारा एकटा आहे की कंपनी. कधीमधी दोन बाजू मधल्या पानावर एकमेकींना भिडतात. तिथं साडेसात एचपीच्या मोटारीला एवढे टर्न आणि एवढ्या आकाशगंगा असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

तक्त्यात सगळ्यात वर 'एलिट' आहे, १९८४ चा. डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी ३२ केबी मेमरीच्या बीबीसी मायक्रोवर आठ आकाशगंगा बसवल्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. ग्रह साठवून ठेवलेलेच नव्हते, आकडेमोडीतून जागच्या जागी तयार व्हायचे. दाजी हे सांगताना आवाज खाली आणतात. "आज एक गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा जड असतोय, मेहुणे." हातात शंभर क्रेडिट, अन्नधान्य इथून घ्या, तिथं विका, पुढं पोटापाण्याचं तुमचं तुम्ही बघा. त्याच ब्रेबनच्या कंपनीनं २०१४ मध्ये 'एलिट डेंजरस' काढला आणि आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापाची उभी केली, ४०० अब्ज तारे. दाजी त्यातल्या एकाच स्टेशनाच्या आसपास असतात. लांब गेलं की वार्निश विसरतं.

'नो मॅन्स स्काय'मध्ये ग्रह किती, तर १८ वर १८ शून्यं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तो आला तेव्हा कबूल केलेल्या निम्म्या गोष्टी नाहीत म्हणून जगभरातून शिव्या पडल्या. गिल्डफर्डची 'हेलो गेम्स' म्हणजे तेव्हा मोजून पंधराएक माणसं. २०१३ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्या ऑफिसात पुराचं पाणी घुसून संगणक गेले होते, हे दाजी अशा सुरात सांगतात की ऐकणाऱ्याला भीमेला पूर आलाय असं वाटावं. शिव्या खाऊन त्या लोकांनी तोंड मिटलं आणि वर्षानुवर्षं नवी नवी भर फुकट घातली. चोपडीत शेरा आहे: 'गडी प्रामाणिक. आता पोटाला लागले. सेलमध्ये घेतला तरी पाप नाही.'

जर्मनीच्या 'एगोसॉफ्ट'चा 'एक्स-४' त्यांना व्यापारासाठी आवडतो. त्यात प्रत्येक जहाज खरोखरच्या मालातून बनतं. गोदीत माल पोचला नाही तर जहाज अडून बसतं. दाजींनी त्यात सौरऊर्जेचा कारखाना टाकला आणि आसपासच्या पाच-सहा जगांना वीज पुरवू लागले. एकदा याच पुरवठ्याचा भाव ते मला समजावून सांगत होते तेवढ्यात आमच्या फीडरची लाईट गेली. 'स्पेसइंजिन' हे व्लादिमीर रोमान्युक या रशियन खगोलशास्त्रज्ञाचं काम, त्यात सगळं विश्व हिंडता येतं, पण माल नाही. दाजींचा निकाल एका ओळीचा: 'रिकामी गाडी कशाला पळवायची?'

आणि 'स्टार सिटिझन'. २०१२ मध्ये लोकांकडून पैसे गोळा करायला लागले, ७० कोटी डॉलरच्या वर जमले, खेळ अजून अर्धाकच्चाच. या पानावर दाजींनी काही लिहिलेलं नाही. फक्त पान दुमडलंय.

स्टेशनात जहाज लावणं हा 'एलिट'मधला मोठा सोहळा. स्टेशन गरगर फिरत असतं, त्याच्या पोटात एक आडवी फट, आणि आपलं जहाजही त्याच वेगानं फिरवत त्या फटीतून आत न्यायचं. हे काम जहाजाच्या यंत्रावर सोपवता येतं, तेव्हा 'ब्लू डॅन्यूब'चे सूर लागतात. दाजी नेहमी सोपवतात. गेल्या गळिताच्या हंगामात ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला पोरगा बापाची मोटार घेऊन आला होता, तो मागं उभा राहून हे बघत होता.

"दाजी, तुम्ही हात का लावत न्हाई?"

"लावून बघ तू. चाळीस-चाळीस तासांनी जमतंय लोकांना."

पोरगा बसला. कारखान्याच्या यार्डात रात्री दोन ट्रॉल्या उलट्या घेणारा गडी तो. त्यानं जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरली, जहाज हळूच कलतं केलं आणि पहिल्या फटक्यात फटीतून आत नेऊन ठेवलं. "हाय काय त्यात," म्हणाला. दाजी बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. "फ्लाइट असिस्ट चालू होतं," एवढंच बोलले. पण त्या पोराच्या मोटारीला त्या दिवशी घट्ट दोरा पडला असणार.

आता त्यांचा खरा रोग. एकट्या माणसानं बनवलेला खेळ दिसला की दाजींचा हात खिशात जातो. मंडईत मेथीच्या जुडीसाठी म्हातारीशी पाच मिनिटं हुज्जत घालणारा हा माणूस, शॉन बोवर नावाच्या एकांड्या गड्यानं स्वतःच्या हिमतीवर बनवलेला 'एव्होक्रॉन' पूर्ण भावानं घेतो, सेल आठ दिवसांवर आलेला असताना घेतो. वर कारण देतो, "सेलची वाट बघायची म्हणजे पाडून मागणंच की."

'स्टीम' या खेळांच्या ऑनलाइन बाजारातून घ्यायलाही ते नाखूश. का, तर विक्रीतले ३० टक्के स्टीमचे. दाजींच्या सासऱ्यांची केळी, त्यामुळं आडत हा घरातला विषय. "आपल्याकडं भाजीपाला-फळांची आडत २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. हितं तर मालकाच्याच ताटातलं तीस टक्के! आणि २०१८ पासून नियम काय, एक कोटी डॉलरच्या पुढं विकलं की पंचवीस, पाच कोटींच्या पुढं वीस. म्हंजे ज्याचा टेम्पो भरून माल त्याला सवलत, आणि डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्याला पूर्ण आडत." म्हणून जमेल तिथं ते बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवर जातात. 'स्टारसेक्टर' त्यांनी असाच घेतला. त्यात ग्रहावर स्वतः उतरता येत नाही, म्हणजे पहिल्याच रकान्यात नापास. तरी घेतला. "गडी दहा वर्षांच्या वर त्यालाच धरून बसलाय. कुणीतरी नको का इचारायला?"

यासाठी कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करायचे होते. मी सोबत गेलो होतो, हे माझं नशीब. बँकेतल्या भिंतींवर सगळीकडं 'सायबर फसवणुकीपासून सावध' अशी पत्रकं, आणि त्यांच्याखाली उभं राहून दाजी सांगत होते.

"परदेशात कुणी आहे का तुमचं?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"हाय एक. एकटाच काम करतो बिचारा."

"ओळख कशी?"

"ओळख न्हाई. त्याचं काम बघितलंय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांनीच पैसे मागितले का?"

"छे हो. मागत न्हाई, म्हणून तर पाठवायचेत."

"बदल्यात काय मिळणार?"

"जहाज."

बाई उठून आत गेल्या. साहेब बाहेर आले. साहेबांनी दाजींना खुर्ची दिली, पाणी दिलं, अशा प्रकरणात माणसाला एकदम दुखवायचं नसतं हे त्यांना शिकवलेलं असावं, आणि हळूच आक्कांना फोन लावला. "ताई, तुमचे मिस्टर अमेरिकेतल्या कुणाला तरी पैसे पाठवायलेत." स्पीकर चालू होता. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग आक्का.

"बाई हाय का बाप्या?"

"बाप्या आहे म्हणतात."

"मग पाठवू द्या."

व्यवहार सुरू झाले.

अशा पैशांत काही बुडालेही. जॉश पार्नेल नावाच्या एका पोरानं २०१२ मध्ये 'लिमिट थिअरी' जाहीर केला होता, एकट्यानं बनवायचं अख्खं विश्व. त्यानं ५० हजार डॉलर मागितले आणि लोकांनी त्याच्या तिपटीहून जास्त दिले. सहा वर्षं तो राबला आणि २०१८ मध्ये, आता अंगात काही उरलं नाही, म्हणून थांबला. नंतर सगळा कोड त्यानं लोकांसाठी खुला केला. बाकीचे पैसे परत मागत होते तेव्हा दाजी त्या पोराच्या तब्येतीची चौकशी करणारं इंग्रजी पत्र माझ्याकडून लिहून घेत होते. त्यात 'रेस्ट घ्या, वार्निश ओलं असताना मोटार चालू करू नये' हे वाक्य त्यांना हवंच होतं. मी ते जमेल तसं इंग्रजीत बसवलं.

पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा 'राजी' हाही त्यांनी घेतला, २०२० मध्ये. त्यात ना जहाज ना व्यापार, पण लोकवर्गणीचा पहिला प्रयत्न फसूनही त्या मंडळींनी नेटानं तडीस नेला, हे दाजींना पुरे झालं. तेवढा एकच खेळ त्यांनी आजवर पूर्ण केला. शेवट आल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटलं.

हे एकट्यांचं प्रेम कुठून आलं ते कळायला त्यांच्या दुकानात अर्धा तास बसावं लागतं. गिऱ्हाईक बिल वाचतं. तांब्याची तार इतकी किलो, बरोबर. जुन्या तारेची मोड वजा, बरोबर. बेअरिंग, वार्निश, बरोबर. मग बोट मजुरीवर येऊन थांबतं. "हे येवढं कशाचं? तार तर नुसती गुंडाळायची." तांबं काट्यावर दिसतं, हात दिसत नाही. दाजी कधी वाद घालत नाहीत, मजुरी कमी करतात, आणि संध्याकाळी मंडईत जाऊन ती मेथीवाल्या म्हातारीकडून वसूल करतात. यातली विसंगती मी एकदा दाखवली. "म्हातारी कुठं प्रोग्रॅम लिहिती?" म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात तो ट्रॅक्टरवाला पोरगा पुन्हा आला. मोटार पुन्हा जळालेली, आणि खिशात पेनड्राइव्ह. "दाजी, तुमचा त्यो एव्होक्रॉन. फुकट मिळाला. आजून धा हायत ह्यात." दाजींचा चेहरा असा झाला की पोरगं एक पाऊल मागं सरकलं. मला वाटलं आता पाना उडतो. पण ते काही बोलले नाहीत. पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट बघितला, परत दिला, आणि मोटार उघडायला बसले.

चार दिवसांनी बाप मोटार न्यायला आला. दाजींनी बिल पुढं केलं. तार, मोड वजा, बेअरिंग, वार्निश, त्याखाली 'परदेशी, १ नग', त्याखाली मजुरी. बापानं चष्मा लावला आणि बोट एकेका ओळीवरून खाली आणलं.

"ही परदेशी काय म्हणायची?"

"हाय. तुमच्या पोरानं वापरलीय."

"बसवलीय न्हवं पक्की?"

"पक्की."

"मग असू द्या. परदेशी वस्तूला तेवढं लागणारच," बाप म्हणाला, आणि बोट एक ओळ खाली सरकवलं. "पर मजुरी लई लावलीया, दाजी. शंभर कमी करा."

दाजींनी शंभर कमी केले.