आधी पश्चिमेची भिंत, मग सोलर

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हुबळी-धारवाडात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली पडत नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच, फक्त तेव्हा ढगांमुळे कळत नाही. इथल्या घराला उन्हाचा सगळ्यात मोठा मार छपरावर बसतो, हे त्यावरून समजायला हवं. आणि छपराला आपण काय देतो? उघडा सिमेंटचा स्लॅब आणि वर पाण्याची काळी टाकी. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहाला खोलीत उष्णता सोडत असतो. बाहेर पश्चिमेचा गार वारा सुटलेला, आत खिडक्या लावून एसी सुरू. ज्या धारवाडात लोक पेन्शन घेऊन हवेसाठी येऊन राहिले, तिथे ही गत!

या जिल्ह्याला छप्पर शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. अळणावर-कलघटगीकडे पाऊस जास्त, म्हणून तिथे उतरतं कौलारू छप्पर. पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरीच्या काळ्या रानात पाऊस कमी, म्हणून तिथे माळवद. एकाच जिल्ह्यात पावसाच्या मापाने घराची टोपी बदलते. माळवद म्हणजे तुळया, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्यातून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते, तोवर माणसं वर गच्चीवर झोपायला गेलेली. उजेडाला मध्ये एक बेळकिंडी, म्हणजे छतातला झरोका. कौलाचं काम नेमकं उलटं. ते पटकन तापतं, पटकन निवतं आणि फटींमधून गरम हवा वर निघून जाते. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला 1865 साली. त्या मिशनची माणसं धारवाडात 1837 पासूनच होती. माळमड्डीतल्या जुन्या घरात एप्रिलच्या दुपारी पडवी ओलांडून आत पाऊल टाकलं की पायाखालची शहाबादी गार लागते. पडवी भिंतीवर ऊन पडू देत नाही, आणि भिंत हातभर जाड. एवढीच त्यातली विद्या.

आज अळणावर असो की नवलगुंद, सगळीकडे तोच स्लॅब. तीस बाय चाळीस फुटांची ‘थर्टी-फॉर्टी’ साइट, अर्धी गाडीला गेलेली, आणि समोर ‘एलिव्हेशन’ म्हणून काच. रस्ता पश्चिमेला असेल तर ती काचही पश्चिमेला. दक्षिणेची खिडकी सांभाळणं सोपं आहे. भर उन्हाळ्यात दुपारचा सूर्य तिच्या वरून जातो, दोन फुटी छज्जा पुरतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं येतं आणि छज्ज्याखालून थेट पलंगावर पडतं. तिथे जिना घाला, बाथरूम घाला, अडगळीची खोली घाला, बाहेर कडुनिंब लावा. झोपायची खोली कशाला घालता?

मग गच्चीवर सोलर बसतं आणि घराला ‘ग्रीन’ म्हणायची सोय होते. सोलरला माझा विरोध नाही, उलट आग्रह आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं, ते जरूर घ्यावं. पण पॅनेल वीज करतं दिवसा आणि बेडरूमचा एसी चालतो रात्री. चुकीच्या भिंतीचा दंड पॅनेलकडून भरून घेण्यापेक्षा भिंत नीट बांधणं स्वस्त पडतं. केंद्राने डिसेंबर 2018 मध्ये इको निवास संहिता आणली. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॉटच्या आत ठेवा, असं ती सांगते. घर बांधणाऱ्या किती जणांना त्यांच्या इंजिनिअरने हा आकडा सांगितला?

कर्नाटक सरकारची गृहज्योती योजनाही या दुर्लक्षाला हातभार लावते. दोनशे युनिटपर्यंत वीज माफ, हे गरिबाच्या घरासाठी योग्यच आहे. पण माफी ठरली कशी? 2022-23 चा सरासरी वापर आणि वर थोडी भर. ज्याने त्या वर्षी दिवे विझवून, पंख्यावर भागवून साठ युनिटांत संसार केला, त्याच्या वाट्याला साठाच्या जवळपास. ज्याने दीडशे जाळली, त्याला दीडशेच्या वर. काटकसर करणाऱ्यालाच कमी देणारा हा हिशेब मला संतापजनक वाटतो. शिवाय ज्याचं बिल शून्य येतं, तो गच्चीवर पॅनेल कशाला लावेल?

गच्चीवर पडणाऱ्या पाण्याकडेही तसंच दुर्लक्ष. नळाची आठवडाभर वाट पाहायचे दिवस या जुळ्या शहरांनी काढलेत. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाकाठी पडणाऱ्या साडेसातशे मिलिमीटर पावसाचे जवळपास सत्तर हजार लिटर होतात. बहुतेक गच्च्यांवरून ते सरळ गटारात जातं.

आणि ज्याला एसीही परवडत नाही, सोलरही नाही, त्या पत्र्याच्या आणि एका खोलीच्या स्लॅबच्या घराचं काय? तिथली बाई दुपारी चुलीपाशी आणि रात्री तापलेल्या छपराखाली असते. उन्हाळ्याआधी छपरावर चुन्याचे दोन हात दिले तरी ऊन बरंचसं परत फिरतं. फुकट युनिटांवर वर्षाला हजारो कोटी खर्च करणाऱ्या सरकारने येत्या फेब्रुवारीत, होळीच्या आधी, अशा प्रत्येक घराला चुना आणि तो लावणाऱ्याची मजुरी द्यावी.