बरोबर येणारे काका

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या जुन्या सोसायट्यांत गिअरबॉक्सच्या बाबतीत ज्यांचा शब्द शेवटचा, त्या काकांची पहिली खूण म्हणजे त्यांच्याकडे गाडी नसते. हयात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा तिथल्याच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीत गेलेली. सायकल आणि लोकल यांवर संसार निभावलेला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या आणि हे दोन कारखाने दोन वेगळ्या कंपन्यांकडे गेले. काकांनी त्याची दखल घेतलेली नाही. ते अजून नुसतं ‘फॅक्टरी’ म्हणतात आणि अंतर सुतात मोजतात.

गाडी नसलेल्या माणसाला गिअरबॉक्स कसा कळतो, असं फक्त नवे भाडेकरू विचारतात. गिअरबॉक्स म्हणजे दातेरी चाकं, शाफ्ट, बेअरिंग आणि तेल. काकांनी जन्मभर दुसरं काय पाहिलं?

तपासणी पार्किंगमध्येच होते. मालक “काका, गिअर जरा...” एवढं म्हणतो तोच काका हात वर करतात. “तू नको सांगू. गाडीला सांगू दे.” इंजिन चालू, गाडी न्यूट्रलला. क्लचवर पाय नसताना घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग. मग समोरचं माणूस-मांजर हटवून, हँडब्रेक ओढून, चौथ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायला लावतात. इंजिन गचकन बंद पडलं की मालक ओशाळतो आणि काका खूष होतात, कारण बंद पडणं हीच क्लच प्लेट शाबूत असल्याची खूण. इंजिन फिरतच राहिलं तर प्लेट घसरतेय.

रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज येतो, ही तक्रार मात्र फुकटात बरी होते. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर नसतो. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद दम धरला की आतली चाकं थांबतात आणि गिअर मुकाट्याने पडतो. एवढ्यावर भागल्याचं मालकाला वाईट वाटतं. तो मोठ्या आजाराची तयारी करून आलेला असतो.

खरा आजार मालकाच्या डाव्या पायात असतो, असं काकांचं ठाम मत आहे आणि ते बरोबर आहे. बदलापूर पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलाच्या चढावर, पुढच्या रिक्षाला चिकटून, हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारा माणूस प्लेट आणि पैसा एकदमच जाळत असतो. म्हणून गॅरेजकडे जाताना काका पुढच्या डाव्या सीटवर बसतात आणि रस्त्याऐवजी मालकाचे पाय बघतात.

गॅरेज बहुधा उल्हासनगरात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी या वसाहतीला उल्हासनगर नाव दिलं, पण पत्ता अजून कॅम्प नंबरानेच सांगतात. स्पेअर पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर शांतपणे प्रश्न येतो, “ओरिजिनल दूँ, या अच्छा दूँ?” मालक गोंधळतो. काका विचलित होत नाहीत. “साईं, दोनो दिखाओ,” म्हणत ते खिशातून रुमाल काढतात. रुमालात फीलर गेज असतो. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं घड्याळ कपाटात पडून आहे. गेजला मात्र दर रविवारी तेलाचा हात फिरतो.

गेजची खरी गरज गॅरेजात पडते. गिअरबॉक्स उतरवून, उघडून, पार्ट रॉकेलने धुऊन कागदावर मांडले की काका सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा उचलतात. गिअरच्या उतरत्या कोनावर ही रिंग घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दात दातात बसतात. कॅडिलॅकने १९२८ मध्ये ही सोय आणली. त्याआधीचे ड्रायव्हर डबल क्लच मारत. विलीज जीपच्या पहिल्या गिअरला तर ती सोय नव्हतीच. काका रिंग कोनावर दाबून फिरवतात, फटीत गेजचं पातं सरकवतात आणि मिस्त्रीकडे बघतात. मिस्त्री बघून न बघितल्यासारखं करतो. फट कमी म्हणजे रिंग झिजलेली; तिसरा गिअर टाकताना कर्रकन होतं ते यामुळेच. अंबरनाथच्या फॅक्टरीत काडतुसांचं पितळ बनत आलं, त्यामुळे पितळ या विषयावर मिस्त्री वाद घालत नाही. “अंकल, आपही बोलो,” एवढंच म्हणतो.

तेलाच्या बाबतीत काका धर्माइतके कडक असतात. गाडी सपाट जागी हवी आणि फिलर भोकाच्या काठाशी तेल टेकलं पाहिजे. जुनं तेल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप दिसला तर चिंता नाही, लोखंडाचे तुकडे दिसले तर आहे, आणि तेलात पिवळी चमक असेल तर रिंगा झिजताहेत. पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असताना डिफरन्शियलचं जीएल-५ ओतू नये, कारण त्यातला गंधक पितळेला खाऊ शकतो. यावर मिस्त्री “कुछ नहीं होता” म्हणतो. या तीन शब्दांवर उल्हासनगरातल्या निम्म्या गाड्या चालतात.

पावसाळ्यात काकांना मागणी वाढते. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली ती बातमी देशभर गाजली. सखल सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या बुडालेल्या गाड्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. गिअरबॉक्सला श्वास घेण्याची नळी असते, तिथून पाणी आत शिरतं आणि तेल दुधाळ होतं. अशा वेळी किल्ली फिरवायची नाही, आधी तेल बदलायचं. काका किल्ल्या गोळा करून स्वतःकडे ठेवतात. ज्यांनी दिल्या नाहीत त्यांची नावं त्यांना अजून पाठ आहेत.

२०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ क्लचच्या पेडलशिवाय आली तेव्हा काकांचा काळ संपला, असं सोसायटीतल्या तरुणांना वाटलं. काकांनी चौकशी केली. आत तोच साधा गिअरबॉक्स, तीच क्लच प्लेट. फक्त पाय यंत्राचा. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलणाऱ्याची प्लेट इथेही जळतेच. सीव्हीटीतल्या पोलादी पट्ट्याबद्दल ते अजून फारसं बोलत नाहीत. इलेक्ट्रिक गाडीत गिअरबॉक्सच नसतो, असं शोरूममध्ये सांगितलं गेलं. काका खाली वाकून बघून आले. मोटरचा वेग कमी करायला रिडक्शन गिअर लागतोच, आणि गिअर आला की तेल आलं. “किती तेल बसतं, आणि ग्रेड कुठली?” त्यांनी विचारलं. सेल्समन आत विचारायला गेला.